पुडीतली लायकी

सकाळी सहाच्या सुमाराला चाकणच्या तळेगाव चौकात उभं राहून बघा. पहिल्या पाळीच्या बसेस रांगेनं थांबतात. पोरं चढतात, पोरी चढतात. गळ्यात ठेकेदाराचं कार्ड, पाठीला डब्याची सॅक. गाव विचारलं तर लातूर, नांदेड, परभणी, बीड. आडनाव विचारलं तर जरा थांबून सांगतात. पोरींनी एवढ्या पहाटे उठून केस धुतलेले असतात, ओठाला हलकी लिपस्टिक असते. ती बघून आपलाच एखादा कार्यकर्ता फिदीफिदी हसतो. म्हणतो, 'नोकरी हेल्परची आन् तोरा बघा.'

मित्रहो, त्या हसण्यापासून सुरुवात करू. कारण ते हसणं आपलं नाही, ते आपल्या तोंडात दुसऱ्याने ठेवलेलं आहे.

मनुस्मृतीने चांडाळासाठी लोखंडाचे दागिने आणि मेलेल्या माणसाची वस्त्रं नेमून दिली होती. अंगावर काय घालायचं हेसुद्धा कायद्याने ठरवलं होतं, म्हणजे लांबून बघूनच लायकी कळावी. 25 डिसेंबर 1927 ला महाडला ते पुस्तक जाळलं. त्याच परिषदेच्या दिवसांत बाबासाहेबांनी आपल्या बायकांना मुद्दाम एकत्र बोलावून सांगितलं, लुगडं नेसायची पद्धत बदला, जात सांगणारे ते दागिने अंगावरून उतरवा, नीटनेटक्या राहा. बायकांनी ते लगेच मनावर घेतलं. तेव्हा आपल्या घरातली बाई आरशासमोर उभी राहते त्याला इतिहास आहे. तिच्या लिपस्टिकला हसणाऱ्याने आधी महाड वाचावं.

माझं भांडण लिपस्टिकशी नाही. ती विकणाऱ्याच्या चोपडीशी आहे. आणि ती चोपडी आपल्यापासून लांब नाही. याच चाकणच्या पट्ट्यात लॉरिअलचा कारखाना आहे. लॉरिअल म्हणजे जगातली सगळ्यात मोठी सौंदर्यप्रसाधनांची कंपनी. गार्निए तिचीच, मेबेलिन तिचीच. आपण मोटारीच्या कारखान्यांवर लेख पाडले, टायरवर लिहिलं, गेटसभा घेतल्या. शांपूवर कुणी लिहीत नाही. शांपू म्हणजे बायकी विषय! क्रांती फक्त लेथ मशीनवर होते असं आपल्या बाप्यांना वाटतं.

यूजेन शुएलर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने पॅरिसच्या केशकर्तनकारांना स्वतः बनवलेला केसांचा रंग विकायला सुरुवात केली. त्यातनं 1909 साली ही कंपनी उभी राहिली. माणूस हुशार होता यात वाद नाही. 1930 च्या दशकात याच हुशार माणसाने 'ला कागुल' या फ्रान्समधल्या कडव्या उजव्या, सशस्त्र गुप्त संघटनेला पैसा पुरवला, हेही इतिहासात नोंदलेलं आहे. त्याच्यानंतर कंपनी मुलीकडे आली, लिलियान बेतांकूरकडे. ती 2017 साली वारली. मग नातीकडे, फ्रांस्वाज बेतांकूर मेयर्सकडे. डिसेंबर 2023 मध्ये ही नात 100 अब्ज डॉलरची मालमत्ता असलेली जगातली पहिली बाई ठरली. याला ते वारसा म्हणतात. आपल्याकडे महापालिकेत लाड-पागे समितीच्या शिफारशीप्रमाणे सफाई कामगाराच्या पोराला बापाची जागा मिळते. सरकारी कागदावर त्यालाही 'वारसा हक्क' असंच म्हणतात. तिकडे आजोबाची कंपनी नातीला, इकडे बापाचा झाडू पोराला. शब्द एकच.

आता चोपडी उघडू. घाबरू नका, अवघड काही नाही. 2024 सालात या कंपनीने जगभर 43.48 अब्ज युरोचा माल विकला. ते अब्ज बाजूला ठेवा, आपण शंभर रुपये धरू. कंपनीच्या हातात आलेल्या या शंभरातले सुमारे 26 रुपये माल बनवण्यावर गेले. त्यात रसायन आलं, बाटली आली, डबी आली, कारखाना आला, कारखान्यात राबणारे हातही आले. 3 रुपये संशोधनाला. 19 रुपये कचेऱ्या, विक्रीखाती, साहेबलोक वगैरे. 20 रुपये धंद्यातला नफा. उरले 32. हे 32 रुपये गेले जाहिरातीत आणि मालाचा गाजावाजा करण्यात.

पुन्हा एकदा वाचा. बनवायला 26, बोंबलायला 32. संशोधनाला 3. टीव्हीवर पांढरा कोट घातलेला शास्त्रज्ञ दिसतो ना, नळीत निळं पाणी ढवळणारा, त्याला तीनच रुपये. तो ज्या जाहिरातीत दिसतो तिला त्याच्या दहापट.

मग प्रश्न पडतो, हा कारखाना नेमकं काय बनवतो? चाकणला शांपू बनतो हे खरं. पण कंपनीचा सगळ्यात मोठा खर्च ज्या कारखान्यावर आहे तो चाकणला नाही, तो आपल्या टाळक्यात आहे. तिथे शरम बनते. तुझा रंग बरोबर नाही, तुझा केस बरोबर नाही, तुझा वास बरोबर नाही. आधी हे सांगायचं, मग त्यावरचं औषध विकायचं. आता ही आयडिया काय पॅरिसची नाही. तू जन्मानेच विटाळलेला आहेस असं आधी सांगायचं आणि मग शुद्धीची दक्षिणा घ्यायची, हा धंदा आपल्या देशात दोन हजार वर्षं चालला. फरक एवढाच की भटाला शेअरबाजार नव्हता.

रंगाचंच बघा. 1975 साली हिंदुस्थान लिव्हरने 'फेअर अँड लव्हली' बाजारात आणली. गोरेपणा पाकिटात भरून विकायचा धंदा जोरात चालला, आणि सगळ्यांनी त्यात हात मारला. 2020 साली अमेरिकेत पोलिसाने जॉर्ज फ्लॉइडचा गळा गुडघ्याखाली दाबून त्याला ठार केलं. काळी माणसं जगभर रस्त्यावर आली. तेव्हा कुठे लिव्हरने 'फेअर' शब्द काढून 'ग्लो' घातला. लॉरिअलनेही आपल्या मालावरून 'गोरं', 'उजळ' असले शब्द काढायचं जाहीर केलं. च्यायला, पन्नास वर्षं इथली सावळी पोरगी लग्नाच्या बाजारात मोडीत निघत होती, तेव्हा कुणाला शब्द टोचला नाही. तिकडच्या काळ्या माणसाने रक्त सांडलं तेव्हा इकडची डबी बदलली. आपण त्यांचं ऋण मानलं पाहिजे. आणि आपल्याला ते का जमलं नाही याची लाजही वाटली पाहिजे. जात आणि रंग यांचं नातं या देशात कुणाला माहीत नाही? गोऱ्या महाराला 'वाटत नाही हो' म्हणतात आणि काळ्या बामणाला 'आपल्यातला वाटत नाही' म्हणतात. त्या वाटण्या-न वाटण्यावरच डब्या खपतात.

लॉरिअलची एक घोषणा जगप्रसिद्ध आहे. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये इलन स्पेख्त नावाच्या तरुण जाहिरात-लेखिकेने ती लिहिली. अर्थ असा की, हा केसांचा रंग दुसऱ्यापेक्षा महाग आहे, पण चालेल, कारण मी त्या लायकीची आहे. बाईने बाईसाठी लिहिलेली ओळ होती. पुरुषाला खूश करायला नाही, माझ्यासाठी मी घेते, असा त्यात ताठा होता. तो मी नाकारत नाही.

पण साल बघा. त्याच काळात, 1972 मध्ये, मुंबईत दलित पँथर उभी राहिली. झोपडपट्टीतली, वसतिगृहातली, वडाळा-कामाठीपुऱ्यातली पोरं. त्यांचं म्हणणंही लायकीचंच होतं. पण त्यांनी लायकीपुढे किंमत लिहिली नव्हती. माणूस आहे म्हणून लायक आहे, विषय संपला. काही विकत घ्यायची अट नाही. न्यूयॉर्कची ओळ आणि नायगावची डरकाळी एकाच काळातली. आज त्यातली कुठली चाकणच्या पोरीच्या मोबाईलवर रोज वाजते? जिच्या पाठीमागे शंभरातले 32 रुपये आहेत ती. आपल्या पाठीमागे वर्गणीची पावतीपुस्तकं आहेत, तीही अर्धी फाडायची राहिलेली.

नफ्याच्या वीस रुपयांचं काय होतं तेही सांगतो. 2024 सालासाठी कंपनीने दर शेअरला 7 युरो लाभांश दिला. बेतांकूर मेयर्स कुटुंबाकडे जवळजवळ 35 टक्के शेअर आहेत. मॅगीवाल्या नेस्लेकडे आणखी 20 टक्क्यांच्या आसपास. कुटुंबाच्या वाट्याला त्या एका वर्षाचे सुमारे 1.3 अब्ज युरो येतात. हिशोबाला सोपं म्हणून युरो शंभर रुपयांचा धरू. म्हणजे रोजचे 35 कोटी. मिनिटाला जवळजवळ अडीच लाख. झोपेतही. चाकणच्या हेल्परने आपला वर्षभराचा पगार या एका मिनिटाशेजारी ठेवून बघावा. बाकी भाषण करायची गरज नाही.

आता त्या हेल्परकडे येऊ. मी एका कंपनीचं नाव घेऊन बोलत नाही, सगळ्या पट्ट्याचीच ही रीत आहे. कंपनी वेगळी, ठेकेदार वेगळा. 240 दिवस भरायच्या आत ब्रेक. पुन्हा नवा कागद, नवा ठेकेदार, जुनीच लाईन. कंत्राटी कामगारांसाठी 1970 साली कायदा झाला तेव्हा 20 कामगार असलेला ठेकेदार त्याच्या कक्षेत येत होता. 2020 च्या श्रमसंहितेत तो आकडा 50 झाला. आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून संहिता लागू झाल्या. 49 माणसांचा ठेकेदार आता सुखाने झोपू शकतो.

आणि हा पट्टा पहिल्यापासून असा नव्हता. पिंपरीला 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. देशातला पहिला सरकारी औषध कारखाना, पेनिसिलिन बनवणारा. तिथे आरक्षण होतं. राखीव जागेवर लागलेल्या माणसाच्या घरात पोरं शिकली, पोरी शिकल्या, पुस्तकं आली. 2016 साली केंद्र सरकारने तिची जमीन विकून देणी भागवायचं ठरवलं. पिंपरीकडून चाकणकडे जाणारा रस्ता फार लांबचा नाही, पण त्या रस्त्यावर कुठेतरी आरक्षण गळून पडलं. पिंपरीत राज्यघटना कारखान्याच्या आत होती. चाकणला ती गेटवर थांबते आणि वॉचमन तिला पास विचारतो.

आणखी एक गोष्ट. गालाला, ओठाला जी चमक येते ती बरेचदा अभ्रकाची असते. अभ्रक झारखंड-बिहारमधनं येतं, कोडरमा-गिरिडीहच्या बाजूने. तिथे मोडक्या, बेकायदा खाणींतनं आदिवासी-दलितांची लेकरं ते वेचत आली. बोभाटा झाल्यावर 2017 साली मोठ्या कंपन्यांनी मिळून सुधारणेचा एक मंच काढला, त्यात लॉरिअलही आहे. चांगली गोष्ट. पण बघा साखळी कशी आहे: वेचणारी लेकरं आपली, भरणारे हात आपले, पुडी घेणारेही आपणच. टपरीवर माळेसारख्या लटकलेल्या त्या पुड्या! रोजच्या मजुरीला रोजची पुडी. सगळ्या साखळीत आपण आहोत, फक्त शेअरच्या रजिस्टरात नाही.

कुणी म्हणेल, कंपनी रोजगार देते, 2003 पासून हुशार गरीब मुलींना विज्ञान शिकायला शिष्यवृत्ती देते, तुम्ही नुसते खडे मारता. शिष्यवृत्ती घ्यावी. बाबासाहेबांनी सयाजीरावांची घेतली होती. पण घेऊन परत आल्यावर त्यांनी हिशोब मागायचं सोडलं नाही.

आपण काय मागायचं ते सांगतो. एक, या कंपनीने 2020 साली जाहीर केलं की 2030 पर्यंत आपल्या प्रमुख पुरवठादारांच्या कामगारांना जगण्यापुरतं वेतन मिळेल असं बघू. उत्तम. चाकणचा माणसं पुरवणारा ठेकेदार या 'पुरवठादारां'त येतो का? लेखी उत्तर पाहिजे. दोन, जाडजूड वार्षिक अहवालात स्त्रिया किती याचा रकाना असतो, कुठल्या देशाचे किती याचाही असतो. जातीचा रकाना नाही. भारतात धंदा करायचा तर तो पाहिजे, इथल्या कंपन्यांनाही पाहिजे, टाटा-बजाजलाही पाहिजे. तीन, खाजगी क्षेत्रात आरक्षण. ही मागणी जुनी झाली म्हणून सोडायची नसते.

आणि एक मागणी स्वतःकडे. आपल्या वस्त्यांतनं आता बी.कॉम., एम.कॉम. झालेली पोरंपोरी ढिगाने आहेत. ती बँकेच्या परीक्षा देत बसतात आणि मोर्चात घोषणा देतात. त्यांनी ताळेबंद वाचावेत, आणि रविवारी विहारात बसून बाकीच्यांना वाचून दाखवावेत. 1923 साली बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. साहेबाचं चलन, साहेबाची तिजोरी, साहेबाची भाषा. आणि आकडे तपासणारा महाराचा पोरगा. आपण त्यांचा फोटो लावतो आणि आकडे दुसऱ्यावर सोडतो.

उद्या सकाळी तळेगाव चौकात ती पोरगी पुन्हा बसची वाट बघत उभी असेल. केस धुतलेले, ओठ रंगवलेले. तिला तू सुंदर आहेस की नाही हे सांगायला आपण जायचं नाही, ते तिचं ती बघेल. आपण जायचं ते शंभर रुपयांचा हा हिशोब घेऊन, आणि तिची पगार-पावती बघायला मागून. लायकी तिची तिच्याकडे आहेच. तिच्याकडे नाही तो तिचा हिस्सा.

जयभीम.