आवाज कुणाचा आणि झोप कुणाची?

मे २०१५ मध्ये शिर्डीत एका दलित तरुणाच्या मोबाइलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली आणि तेवढ्यावरून त्याचा खून झाला. खिशातल्या मोबाइलचा आवाज तो केवढा! आणि इकडे आमच्या भिंतीला टेकवलेला डीजेचा बॉक्स रात्री एक वाजेपर्यंत धडधडतो, तेव्हा ‘सणासुदीला एवढे तर सहन करा’ असे आम्हालाच ऐकवले जाते. गावाच्या लग्नात हलगी वाजवायची ती मातंगाने. पण त्याने स्वतःची वरात वेशीतून वाजवत नेली की दगड पडणार. कोणी वाजवायचे आणि कोणी मुकाट ऐकायचे, हे इथे जात ठरवत आली आहे.

शहरातल्या सोसायट्यांत हेच बारीक स्वरूपात चालते. बौद्ध कुटुंब नवीन राहायला येते. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो दिसेपर्यंत शेजार गोड असतो. मग वरच्या मजल्यावर मध्यरात्री खुर्च्या ओढल्या जातात, इकडे वंदना सुरू झाली की पलीकडचा स्पीकर सुरू होतो आणि वंदना संपली की तोही थांबतो. एकेक आवाज सुटा घेतला तर क्षुल्लक. ‘खुर्ची ओढली म्हणून गुन्हा नोंदवू का?’ असे पोलीस हसून विचारतात. म्हणून आम्ही सांगतो, वही घाला. तारीख, वेळ, काय वाजले, घरात तेव्हा काय चालले होते, सगळे लिहा. जमेल तेव्हा रेकॉर्डिंग करा. महिन्याभराच्या नोंदीतून हेतू दिसतो. चारचौघांत जातीवरून अपमान केला असेल तर ॲट्रॉसिटीची कलमे लावायला भाग पाडाच. नुसता आवाज असेल तर मात्र ती ओढूनताणून लावू नका, आपलीच केस कच्ची होते.

ध्वनी प्रदूषण नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. ‘आमच्याकडे मीटर नाही’ हे पोलिसांचे नेहमीचे उत्तर. पण रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर लावायलाच बंदी आहे, तिथे मोजायचे काय? सरकारने सूट दिलेले वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सोडले, तर (आणि तीही रात्री १२ पर्यंतच) घड्याळ हाच पुरावा. तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करा आणि ती कळली तरी समोरच्याला सांगू नका, असे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांना बजावले. ज्या गावात आपली चारच घरे आहेत तिथे याचे मोल फार आहे. हा निकाल मशिदींच्या भोंग्यांच्या प्रकरणात आला म्हणून काही जण तो एकाच धर्मावर उगारतात. त्यांच्या नादी लागू नका. न्यायालयाने तो कोणत्याही धर्माच्या भोंग्याला लावला आहे.

आता घरचे बोलू. १४ एप्रिलला आपल्याच वस्तीत काय होते? पत्रे थरथरतात, दम्याची म्हातारी कानात कापूस घालून बसते आणि आपण तिला ‘वर्षातून एकदाच’ म्हणतो. हेच वाक्य समोरचा आपल्याला ऐकवतो! परळच्या चाळीतल्या एका खोलीत गर्दी आणि गोंगाट असायचा, म्हणून रामजीबाबा भीमरावाला पहाटे २ ला उठवून अभ्यासाला बसवत. त्या वेळी तरी चाळ शांत असे. आज आपल्या वस्तीतल्या मुलीला २ वाजताही ती शांतता आपणच मिळू देत नाही, आणि बॉक्सवर फोटो मात्र त्यांचाच.

जयंती दणक्यात व्हावी, दिवसा, रस्त्याच्या मधोमध व्हावी. ज्या रस्त्यावरून आपल्याला चालू दिले जात नव्हते तिथे ढोल वाजलाच पाहिजे, यात आम्हाला तिळमात्र शंका नाही. प्रश्न १० नंतरचा आहे. आमच्या मंडळाच्या बैठकीत हे मांडले तेव्हा दोन पोरे चिडून उठून गेली. त्यातला एक अर्ध्या तासाने परत आला. त्याची बहीण नीटची तयारी करत होती.