जमीन आणि जामीन

बँकेत 34 वर्षे काढलेल्या माणसाला जामीनदार या प्राण्याविषयी चार शब्द बोलण्याचा अधिकार असावा. कर्जाच्या अर्जाखाली चार जामीनदारांच्या सह्या असल्या की कागद भारदस्त दिसतो. पण मग नावे वाचावीत. कर्जदाराचा सख्खा भाऊ, दोन चुलतभाऊ आणि एक पुतण्या. चौघांचेही पोट एकाच सातबाऱ्यावर. पाऊस चुकला की कर्जदाराबरोबर हे चौघेही त्याच दिवशी बुडणार. कागदावर जामीनदार चार, प्रत्यक्षात जेमतेम एक.

हे सारे आठवायचे कारण म्हणजे आमच्या सोसायटीतले अर्थिंगचे खड्डे. मीटरच्या खोलीमागे ते चार खड्डे एका ओळीत आहेत. सिमेंटची झाकणे, त्यांवर लाल रंगात 1 ते 4 आकडे. एका झाकणावरून दुसऱ्यावर जायला पाऊलही पुरते उचलावे लागत नाही. बिल्डरने सुपूर्द केलेल्या कागदांत नोंद आहे: ‘अर्थिंग, 4 नग’. नग! बाजारात नारळ मोजून घ्यावेत तसे. त्या खड्ड्यांमध्ये अंतर किती, हे त्या कागदांत कुठेही लिहिलेले नाही, आणि गोम तिथेच आहे.

तीन पिनांचा प्लग सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यातली जाड, लांब पिन अर्थिंगची. ती लांब अशासाठी, की प्लग खोचताना तिचा संबंध आधी जुळावा आणि काढताना शेवटी तुटावा. गीझरच्या आत तार सुटून पत्र्याला टेकली, तर वीज या पिनेतून, हिरव्या तारेतून खाली खड्ड्यातल्या सळईपर्यंत येते, मातीत शिरते आणि ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगकडे परतते. आता साधा हिशेब करू. सोयीसाठी ट्रान्सफॉर्मरच्या बाजूचा रोध सोडून देऊ. आपल्या खड्ड्याचा रोध 2 ओहम असेल, तर 230 व्होल्टला 115 अँपिअर प्रवाह वाहील. 16 अँपिअरचा एमसीबी त्यापुढे टिकूच शकत नाही. तो पडतो आणि गीझर मुकाट होतो. पण रोध 50 ओहम असेल, तर प्रवाह भरतो 4.6 अँपिअर. घरात कोणी इस्त्री करीत असेल, अशा समजुतीने एमसीबी स्वस्थ बसून राहतो. इकडे गीझरचा पत्रा आणि त्याला जोडलेला धातूचा नळ जिवंतच, आणि त्या नळाला हात लावणारे माणूस आंघोळीचे, म्हणजे ओलेते.

हा रोध कमी व्हावा म्हणूनच एकाऐवजी चार सळया घालतात. कल्पना चांगली आहे. मात्र सळईतून निघालेली वीज मातीत चहूबाजूंनी पसरते, आणि तिला खरी अडचण होते ती सळईच्या अगदी भोवतालच्या मातीत. दूर गेल्यावर वाट ऐसपैस होते. ही भोवतालची माती म्हणजे त्या सळईची हक्काची जमीन. त्याच जमिनीत दुसरी सळई ठोकली, तर दोघींनी मिळून एकच सातबारा खायचा. शेजाऱ्याने बांधालगत विहीर खोदली की आपल्या विहिरीचे पाणी उतरते, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही.

एका सळईचा रोध 100 धरला, तर दोन सळयांचा 50 व्हावा असे आपले त्रैराशिक सांगते. प्रत्यक्षात सळईच्या लांबीइतके अंतर राखूनही तो 58 च्या आसपास राहतो. तेवढ्याच अंतराने चार सळया ओळीत घातल्या, तर 25 नव्हे, 34. आणि हे अंतर सोडल्यावर! हातभर अंतरावरच्या चार खड्ड्यांना तेवढेही मिळत नाही. म्हणून आपल्या मानक ब्युरोची अर्थिंगची संहिता, आयएस 3043 (1987 ची, 2018 साली सुधारलेली), म्हणते की दोन इलेक्ट्रोडमधले अंतर शक्यतो त्यांच्या लांबीच्या दुपटीपेक्षा कमी नसावे. 3 मीटरची सळई असेल तर 6 मीटर. अमेरिकेच्या संहितेत 8 फुटी सळयांना किमान 6 फूट चालतात; पण लांबीच्या दुपटीइतके अंतर ठेवले तर सळया अधिक कामी येतात, अशी टीप तिथेही जोडलेली आहे.

मग जवळजवळ का खणतात? सोपे पडते म्हणून. एकाच जागी माणसे लावली, एकाच जागी कोळसा-मीठ ओतले, पट्टीही थोडक्यात भागली. अंतर ठेवायचे तर पार्किंगमधल्या फरशा उचकटाव्या लागतात. त्यातून आपला दख्खनचा मुलूख. हातभर माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. सळई पुरती उतरली नाही की वरून कापून टाकायचा मोह होतो. झाकण बसले की कोण बघतो? मोजणाऱ्याला नग चारच दिसतात. माझी तक्रार कंत्राटदारापेक्षा या नग मोजण्याच्या सवयीवर अधिक आहे. तपासणीच्या कागदावर ‘किती’च्या शेजारी ‘किती अंतरावर’ आणि ‘किती खोल’ असे दोन रकाने असते, तर हीच माणसे नीट खणती झाली असती.

आमचे एक तरुण सभासद म्हणाले, “काका, आता आरसीसीबी आहे, अर्थिंगचे काय घेऊन बसलात?” त्यांचे म्हणणे निम्मे खरे आहे. घरगुती आरसीसीबी 30 मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडते, म्हणजे अर्थिंग सुमार असले तरी जीव वाचवू शकते. ती प्रत्येक घरात असावीच, आणि तिचे ‘टी’ लिहिलेले बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावेच. पण अर्थिंग मुळीच नसेल, तर गळतीला वाहायला वाट नसते. मग ती वाट कोणाचा तरी हात लागल्यावरच तयार होते आणि आरसीसीबी पडते, ती त्या माणसाला धक्का बसल्यावर.

रोध मोजायचा यंत्रासह वायरमन आणून, आणि तोही मे महिन्यात. श्रावणात ओल्या मातीवर घेतलेला आकडा म्हणजे सुगीच्या दिवसांत काढलेली कर्जदाराची पत. चारही खड्ड्यांची पट्टी सोडवून एकेक वेगळा मोजावा, मग जोडून एकत्र मोजावा. दोन्ही आकड्यांत फारसा फरक पडला नाही, तर चौघे एकाच घरचे आहेत हे कळते.

कुंपणाच्या कडेने 6-6 मीटरवर नवे खड्डे घ्यावेत, असा लेखी ठराव मी समितीला दिला आहे. वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर तो सातवा आहे. सहावा विषय पार्किंगच्या जागांचा आहे, आणि गेली तीन वर्षे आमची सभा त्याच्या पुढे सरकलेली नाही. यंदा क्रम बदलून घेण्यासाठी मी सह्या गोळा करीत हिंडतो आहे.