जोखीम कोणाच्या पदरात?

चतुर्थी आटोपल्यावर आठवड्याभराने फोंडा तालुक्यातील एक बाई माझ्याकडे सल्ल्यासाठी आल्या. देवळाच्या वाड्यावर राहणाऱ्या, हातांनी वाती व कापसाची वस्त्रे करणाऱ्या. मोबाइलवरून मागण्या घेऊन त्या हा माल पुण्या-इंदूरपर्यंत पाठवितात. इंदूरच्या एका कुटुंबाने पूजेसाठी मागविलेले पार्सल त्यांनी सणाच्या बारा दिवस आधी कुरियरच्या स्वाधीन केले. ते विसर्जनानंतर 'घर बंद' असा शेरा घेऊन फोंड्यास परत आले. घर बंद नव्हते; पाहुण्यांनी भरलेले होते. बाईंना गिऱ्हाइकाचे पैसे परत करावे लागले, जाण्याचे भाडे बुडालेच, वर परतीचेही भाडे कंपनीने कापून घेतले; आणि 'विश्वास ठेवू नये' हा गिऱ्हाइकाचा अभिप्राय जगजाहीर झाला तो वेगळाच. "वकीलबाब, म्हजें चुकलें खंय?" एवढेच त्यांनी विचारले.

कंपनीचे उत्तर तयार होते. विलंबास आम्ही जबाबदार नाही. पार्सल गहाळ झाले तर फार तर शंभर रुपये. ही अट पावतीच्या पाठीवर छापलेली आहे आणि पुढे बाईंची सही आहे. याला म्हणे कराराचे स्वातंत्र्य म्हणावयाचे!

वाचकहो, देवस्थानच्या महाजनांनी देवाचा दागिना उजळण्यासाठी सोनाराकडे दिला आणि 'दागिना हरवला, हे घ्या शंभर रुपये' असे तो म्हणाला, तर आपण ऐकून घेऊ काय? दुसऱ्याची वस्तू हाती घेणाऱ्याने ती स्वतःच्या वस्तूप्रमाणे जपावी, हे १८७२ च्या करार कायद्याचे सांगणे आहे. १८६५ च्या वाहक कायद्याने तर माल गहाळ झाल्यास वाहकाची हयगय सिद्ध करण्याचे ओझे धन्यावर ठेवले नव्हते, आणि रस्त्याने माल नेणाऱ्यांसाठी २००७ च्या कायद्याने तेच तत्त्व कायम राखले. माल ज्याच्या हाती, जोखीम त्याची, हा न्याय जुनाच आहे. तो पोखरला तो बारीक अक्षरांतील अटींनी. सही केलेली अशी मर्यादा बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली भारती निटिंग कंपनीच्या दाव्यात ठरविले. सरकारी टपालही निराळे नाही: १८९८ च्या कायद्याच्या सहाव्या कलमाने त्यास दिलेले अभय २०२३ च्या नव्या कायद्यातही दहाव्या कलमात येऊन बसले आहे.

कोणी म्हणेल, अट मान्य नव्हती तर सही का केली? पण अटीतला एक शब्द बदलून घेण्याची सोय त्या खिडकीवर आहे काय? जेथे 'नाही' म्हणता येत नाही तेथल्या 'होय'ला संमती म्हणणे ही थट्टा आहे.

दुसरा आक्षेप असा, की बाई व्यापारी आहेत, ग्राहक नव्हेत. तो न्यायाला धरून नाही. स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठीच विकत घेऊन वापरलेली वस्तू २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने 'व्यापारी हेतू'तून वगळली आहे; मग सेवेलाच निराळा न्याय का? त्याच कायद्याने 'अन्याय्य करार' ही कल्पनाही मान्य केली. मात्र त्याविषयीची तक्रार जिल्हा आयोगापुढे चालत नाही. राज्य आयोगाकडेच जावे लागते. वातींच्या पुड्यासाठी राज्य आयोग! हक्क दिला, पण हाताला लागणार नाही अशा फळीवर ठेवला.

म्हणून मागणी दोनच गोष्टींची आहे. अन्याय्य अटींचा विचार करण्याचा अधिकार जिल्हा आयोगास द्यावा. आणि दारापर्यंत गेल्याचा पुरावा वाहकाने दिल्यावाचून परतीचे भाडे घेण्यास मनाई असावी.

तोवर आपणही थोडे करू शकतो. पाठविणाऱ्यांनी मालाची किंमत पावतीवर लिहावी, मौल्यवान वस्तूचा विमा उतरावा, आणि खोट्या शेऱ्याविरुद्ध त्याच दिवशी लेखी तक्रार करावी. आणि मागविणाऱ्यांनो, पार्सल आले नाही म्हणून चार कठोर ओळी लिहिण्यापूर्वी त्या बाईंना एकदा विचारा. माल त्यांच्या हातून केव्हाच सुटलेला असतो. ज्याच्या हाती तो होता त्याला आपण कधी जाब विचारला आहे काय?