दगडाचें लक्षण

पनवेलच्या आसमंतांतील खाणींत खडीसाठीं काळा दगड फोडतांना त्याच्या पोकळ्यांतून पांढरे, चकचकीत खडे निघतात, आणि मुलें ते मोठ्या हौसेनें घरीं आणितात. त्यांतला एखादा पापुद्र्यांचा खडा पाहून घरांतील वडील मंडळी निःशंकपणें म्हणतात, "ही तर गोदंती!" गोदंती म्हणजे जिप्सम, चुना, गंधकाम्ल व पाणी ह्यांच्या संयोगानें झालेला क्षार. वैद्य तिचें भस्म ज्वरावर देतात. तेव्हां येथें नांव चुकलें तर केवळ शब्दाची चूक होऊन भागत नाहीं.

न्यायशास्त्रांत लक्षणाचे दोष सांगितले आहेत, त्यांत अतिव्याप्ति हा एक. शिंगें हें गाईचें लक्षण केलें, तर म्हैसही गाय ठरते. पांढरेपणा, चकाकी व पापुद्रे हीं गोदंतीचीं लक्षणें अशाच जातीचीं होत. आपल्या काळ्या खडकाच्या पोकळ्यांत स्टिल्बाइट, अपोफिलाइट व कॅल्साइट विपुल. गंधकी क्षार मात्र विरळा. स्टिल्बाइटालाही मोत्यासारखी झांक असते. तापविल्यास पाणी सुटणें ही खूणही पुरेशी नाहीं. स्टिल्बाइट ज्या झिओलाइट वर्गांतलें, ते सर्वच खडे पाणी सोडतात. म्हणून तर १७५६ सालीं स्वीडनच्या क्रोन्स्टेटनें त्यांस 'उकळणारा दगड' ह्या अर्थाचें नांव दिलें.

मग करावें काय? प्रथम नखानें ओरखडावें. गोदंतीची कठिणता २, नखाची सुमारें अडीच. म्हणून ओरखडा उमटतो. कॅल्साइट ३, स्टिल्बाइट साडेतीन ते चार, अपोफिलाइट साडेचार ते पांच. ह्यांवर नख घसरतें. शंखजिरेंही नखास दाद देतें, पण तें हातास साबणासारखें लागतें. दुसरी साक्ष आम्लाची. खड्याची पूड करून तीवर लिंबाचा रस टाकावा. कॅल्साइट बुडबुडे सोडतें, गोदंती स्वस्थ राहते.

दुसरा विरळा गंधकी क्षार बराइट. त्याची कठिणता कॅल्साइटाच्या जवळची, म्हणून चाकूनें भेद कळत नाहीं. पण कॅल्साइट पाण्याच्या २.७ पट जड, तर बराइट साडेचार पट. खडा दोऱ्यानें तराजूस टांगून आधीं हवेंत व मग पाण्यांत बुडवून तोलावा. पाण्यांत जेवढी घट येईल तिनें हवेंतील वजनास भागिलें कीं विशिष्टगुरुत्व निघतें.

स्थानही साक्ष देतें. समुद्राचें पाणी आटून सुमारें एक पंचमांश उरलें कीं मिठाच्या आधीं गोदंतीचे कण बसूं लागतात; म्हणून मिठागरांत ती सांपडली तर नवल नाहीं. काळ्या दगडांत सांपडली तर नवल, आणि जेथें नवल तेथें परीक्षा अधिक कठोर हवी.

मुलांनीं प्रत्येक खड्याबरोबर स्थळ व केलेल्या परीक्षा ह्यांची चिठ्ठी ठेवावी. साक्षी जुळेपर्यंत नांवापुढें प्रश्नचिन्ह असूं द्यावें. त्यांत कमीपणा नाहीं. आणि खाणींतला खडा गोदंती समजून घरच्या घरीं त्याचें भस्म तर कोणीं करूंच नये.