विकत घेतलेलं किंडल खरंच तुमचं असतं का?

काष्टीच्या बाजारात बैल घेतला की दावं तुमच्या हाती येतं. किंडलचं दावं मात्र कंपनीकडेच राहतं. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉननं ऑर्वेलची '१९८४' ही कादंबरी ग्राहकांच्या किंडलमधून न विचारता पुसली. पैसे परत दिले, पण पुस्तक गेलं.

मग हे कुलूप उघडतं का? काही मॉडेलमध्ये, हो. आतल्या सर्किट बोर्डवर सिरियल पोर्टचे बारीक बिंदू असतात. तिथं तारा जोडून कॉम्प्युटरवरून थेट आतल्या लिनक्सपर्यंत पोहोचता येतं. मात्र व्होल्टेज चुकलं तर बोर्ड जळू शकतो.

'राइट टू रिपेअर'साठी केंद्रानं २०२२ मध्ये समिती नेमली, पोर्टलही काढलं. पण तो विषय दुरुस्तीचा आहे. कुलपाची किल्ली कुणाकडे, हा प्रश्न उरतोच.