‘घारच ती!’

दिवाळीचे अभ्यंगस्नान आटोपून, फराळाची बशी हाताशी घेऊन वाचक हा अंक उघडतील, त्याच दिवसांत त्यांच्या गच्चीवरून दूरदेशचा एखादा पाहुणा चाललेला असतो. चिरंजीव बोट वर करून विचारतात, “बाबा, तो कोण?” बाबा चकलीवरची नजर न काढता निकाल देतात, “घारच ती!” माझे भांडण या दोन शब्दांच्या निकालाशी आहे.

गेल्या कार्तिकात एका स्नेह्यांबरोबर अंबाझरीच्या काठाने फिरत होतो. तलावावर एक पक्षी घिरट्या घेत होता. एकाएकी तो थबकला, पाय पुढे करून धोंड्यासारखा पाण्यात कोसळला आणि पंजात मासा घेऊन उठला. पोट पांढरेशुभ्र, डोळ्यावरून काळी पट्टी, मासा धरलेला तोंड पुढे करून. स्नेही म्हणाले, “घारच ती, दुसरं काय असणार?” मी म्हणालो, “अहो, ही मासेमार घार.” “म्हणजे घारच की!” नावानेच मला दगा दिला, आणि स्नेही विजयी मुद्रेने चहाच्या टपरीकडे वळले.

ओळखायला खरोखर फार लागत नाही. आपल्या नेहमीच्या घारीची शेपटी दुभंगलेली असते आणि सुकाणूसारखी ती सारखी वळवते. यांतल्याही साऱ्या नागपूरकर नव्हेत. हिवाळ्यात मध्य आशियातून हिमालय ओलांडून त्यांचे भाऊबंद येतात. भोवत्या पंख किंचित वर उचलून शेतामाळावरून अगदी खालून तरंगत जातो. खरुची हा छोटा ससाणा हवेत एका जागी पंख फडफडवत उभा राहतो. शिक्रा, तिसा, कापशी, बहिरी ही सारी नावे मराठीच आहेत. मारुती चितमपल्ली यांनी रानातल्या लोकांकडून अशी कितीतरी नावे मिळवून ‘पक्षिकोश’ रचला. भाषा श्रीमंत आहे; दरिद्री आहे तो आमचा आळस.

यावर ठरलेला आक्षेप येतो: नाव कळून करायचे काय? घार म्हटले काय नि ससाणा म्हटले काय, पक्ष्याला त्याचे सुखदुःख नाही!

पक्ष्याला आहे, आणि आपल्यालाही आहे. गिधाडांचेच पाहा. १९९० नंतरच्या काही वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडे देशातून ९९ टक्क्यांहून अधिक नाहीशी झाली. ज्यांना आकाशात सगळेच सारखे दिसत होते, त्यांना पत्ताही लागला नाही. धोक्याची घंटा वाजवली ती भरतपूरला गिधाडे मोजणाऱ्या विभू प्रकाश यांनी. पूर्वी किती घरटी होती याची नोंद त्यांच्याजवळ होती. गुराढोरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावरातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी करते, हे २००४ साली सिद्ध झाले. २००६ साली पशुवैद्यकातील त्याच्या वापरावर बंदी आली. फार उशीर झाला, पण नोंद नसती तर तेही झाले नसते. नाव ठाऊक नसलेला पाहुणा हरवला, तर शोधायचा कोणाला?

दुसरा निकालही याच जातीचा आहे: “पडीकच ती जमीन!” भोवत्या रात्री झाडावर निजत नाही, माळावरच्या गवतात जमिनीवर निजतो. कझाकस्तानच्या बाजूने हजारो किलोमीटर उडून तो येतो तो आमच्या टोळांवर आणि उंदरांवर गुजराण करायला. त्या माळाला आम्ही पडीक म्हटले की कोणी त्यावर भूखंड पाडतो, कोणी मोठ्या पुण्यबुद्धीने खड्डे खणून झाडे लावतो. झाडे लावावीत, जरूर लावावीत. पण दुसऱ्याच्या अंथरुणात नव्हे.

बदल होतो, हे नागालँडच्या पांगती गावाने दाखवले आहे. सैबेरियाकडून आफ्रिकेला निघालेले, जेमतेम दीडशे ग्रॅम वजनाचे अमूर ससाणे तेथे दोयांग जलाशयावर उतरतात. २०१२ साली ते जाळ्यांत हजारोंनी मारले गेले. गावकऱ्यांनी मनावर घेतले आणि २०१३ साली शिकार थांबली. तेथून निघालेले हे पक्षी मध्य भारत ओलांडून पुढे अरबी समुद्र न थांबता पार करतात. पांगतीने वाचवलेला पाहुणा आमच्या डोक्यावरून जातो, आणि आम्ही त्याला म्हणतो, “घारच ती!”

मीही चुकतो. तिशाला शिक्रा म्हणून मोकळा झालो आहे, तेही चारचौघांत. पण चुकण्यासाठी आधी पाहावे लागते. तेव्हा या दिवाळीत उन्हे वर आली की मुलांना घेऊन गच्चीवर जा. शेपटी कशी, पंख कसे, उडतो कसा, एवढे तीन प्रश्न पुरेत. उत्तर आले नाही, तर मुलाला सरळ सांगा, “मला ठाऊक नाही, पण ही घार नव्हे.” बापाच्या तोंडून एवढे ऐकले, तर पोर पुढचे स्वतः शोधील.