सरासरीआड दडलेले दिवस

शहराच्या हवेची चर्चा निघाली की सर्वप्रथम पुढे केला जातो तो सरासरीचा आकडा. घोडबंदर मार्गावरील अवजड वाहतूक, काशीमिऱ्याची कोंडी, अखंड चाललेली बांधकामे आणि उत्तनच्या कचराभूमीला वारंवार लागणाऱ्या आगी सोसणाऱ्या मीरा-भाईंदरला हा आकडा कितपत उपयोगी आहे, हे तपासायला हवे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या मानकांनुसार पीएम २.५ या सूक्ष्मकणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम, तर चोवीस तासांची ६० आहे. चोवीस तासांची मर्यादा वर्षातील ९८ टक्के काळ पाळावी लागते. उरलेल्या २ टक्क्यांत ती ओलांडली तरी चालते, मात्र मोजणीच्या लागोपाठ दोन दिवशी नव्हे. संख्याशास्त्राच्या भाषेत ही ९८ व्या शतमकाची अट होय.

समजा, वर्षातील ३५० दिवस ही पातळी ३० राहिली आणि १५ दिवस १५० वर गेली. सरासरी येते सुमारे ३५, म्हणजे वार्षिक मर्यादेच्या आत. परंतु सवलत जेमतेम ७ दिवसांची असताना मर्यादाभंग झाला १५ दिवस. दम्याच्या रुग्णाला इस्पितळ गाठावे लागते ते अशाच दिवसांत.

दर पंधरा मिनिटांनी नोंद देणाऱ्या एका केंद्राच्या वर्षभरात ३५,०४० नोंदी होतात. त्या साठवून क्रमवार लावणे संगणकाला मुळीच जड नाही. पण शहरभर शेकडो संवेदक सेकंदासेकंदाला आकडे धाडू लागले की सगळे साठवून शतमक काढणे खर्चिक ठरते. त्यावर राज जैन आणि इम्रिच क्लॅम्टॅक यांनी १९८५ मध्येच तोड सुचवली होती. नोंदी न साठवता केवळ पाच खुणा ठेवायच्या आणि प्रत्येक नव्या आकड्यागणिक त्या पुढेमागे सरकवायच्या. उत्तर अंदाजी असते, पण तात्काळ मिळते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. काशीमिरा आणि उत्तन यांच्या शतमकांची सरासरी काढून शहराचे शतमक मिळत नाही. शिवाय पावसाळ्यातील स्वच्छ हवेच्या नोंदी हिवाळ्यातील दाट धुरक्यात मिसळल्या, तर आजचे संकट सौम्य भासते. म्हणून प्रत्येक केंद्राचा हिशेब वेगळा आणि ऋतुनिहाय हवा.

तंत्र चाळीस वर्षे उपलब्ध आहे आणि नियमही लागू आहे. सरासरीच्या शेजारी ९८ वे शतमक आणि मर्यादाभंगाचे दिवस रोज जाहीर करणे, एवढेच बाकी उरते. नागरिकांनी आग्रह धरावा तो याच आकड्यांचा.